लेखक, वाचक आणि मधली जागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनगट चालवताना आणि नव्याने लिहिणाऱ्यांचे खर्डे वाचताना हे प्रश्न माझ्याकडे येत राहतात. विचारणारी माणसं बदलतात, प्रश्न तेच. शेवटी एकदाचे उतरवून काढले. जिथे जाणकारांतच दोन तट आहेत तिथे मी बाजू घेतली आहे. नाही पटली तर सोडून द्या. एकच दळण दोनदा नको म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. साहित्य म्हणजे लेखक-वाचकांचा संवाद, असं म्हणतात. पण पुस्तकाशी बोलता कुठे येतं?

येत नाही, आणि ही तक्रार फार जुनी आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादग्रंथात सॉक्रेटिस म्हणतो की लिहिलेले शब्द चित्रातल्या माणसांसारखे असतात. जिवंत वाटतात, पण काही विचारलं की गप्प. शिवाय ते कुणाच्याही हाती पडतात आणि कुणी भलता अर्थ लावला तर त्यांना स्वतःची बाजूही मांडता येत नाही. (ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली ती मात्र प्लेटोने लिहून ठेवली म्हणून.)

तरी मी याला संवाद म्हणतो, कारण लिहिणारा लिहितानाच समोरच्याच्या शंका ऐकत असतो. ‘आता तुम्ही म्हणाल, मग त्याने तेव्हाच का नाही सांगितलं?’ हे वाक्य कागदावर नसलं तरी पुढचं वाक्य त्याचं उत्तर असतं. ज्ञानेश्वरीत तर श्रोते उघडउघड हजर आहेत. त्यांची मनधरणी आहे, त्यांची क्षमा मागणं आहे, मधूनच त्यांचं बोलणंही येतं. तिच्या शेवटी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० या वर्षाचा उल्लेख आहे आणि सच्चिदानंदबाबा ‘लेखकु’ झाले असं म्हटलं आहे. तिथे लेखक म्हणजे रचणारा नव्हे, ऐकून उतरवून घेणारा. आज ज्याला आपण लेखक म्हणतो, तो या दोन्ही खुर्च्यांवर आळीपाळीने बसतो.

२. मग बातमी, पत्र, सूचना हाही संवादच. कथा-कवितेत वेगळं काय?

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी १९६० साली छापलेल्या एका निबंधात संवादाचे सहा घटक मांडले: बोलणारा, ऐकणारा, संदर्भ, मजकूर, संपर्क आणि संकेतव्यवस्था. बातमीचा भर संदर्भावर, हुकमाचा ऐकणाऱ्यावर, ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ याचा भर निव्वळ संपर्कावर. कवितेत भर येतो तो मजकुराच्या घडणीवरच.

घरच्या घरी करायची चाचणी सोपी आहे. औषधाच्या बाटलीवरची सूचना दुसऱ्या शब्दांत सांगा. काही बिघडत नाही, औषध तेवढंच लागू पडतं. आता तुम्हाला पाठ असलेली कवितेची एखादी ओळ दुसऱ्या शब्दांत सांगून बघा. माहिती उरते, ओळ जाते. काठावरचे नमुने असतातच. एखादं साधं पत्र इतकं नेमकं उतरतं की ते ज्याला लिहिलं तो गेल्यावरही लोक वाचतात.

३. कवीला नेमकं काय म्हणायचं होतं, हे कसं ओळखायचं?

ही सवय शाळेतली. ‘कवीला काय सांगायचे आहे?’ असा प्रश्न यायचा आणि आपण ‘कवी म्हणतो की...’ अशी सुरुवात करून पाच गुण मिळवायचो. जणू कवीला जे सांगायचं होतं ते त्याला धड सांगता आलं नाही, म्हणून आपण मदतीला धावलो!

तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गुंता सुटतो. लेखकाच्या मनात काय होतं, कागदावर काय उतरलं, आणि वाचताना मला काय मिळालं. पहिली गोष्ट बहुधा कळत नाही, आणि कळली तरी तेवढ्याने दुसरी ठरत नाही. विमसॅट आणि बिअर्डस्ली या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९४६ साली हेच आग्रहाने मांडलं: लेखकाचा हेतू हा कृती जोखण्याचा मापदंड होऊ शकत नाही. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी १९६७ मध्ये आणखी पुढे जाऊन लेखकाचा ‘मृत्यू’च जाहीर केला, म्हणजे अर्थ ठरवण्यात लेखकाला जागाच ठेवली नाही. मला तेवढं टोक गाठायची गरज वाटत नाही. लेखक मुलाखतीत स्वतःच्या कथेबद्दल बोलतो तेव्हा मी कान देऊन ऐकतो, पण एका जाणत्या वाचकाचं ऐकावं तसं. निकाल कागद देतो.

४. म्हणजे मी काढेन तो अर्थ बरोबर?

नाही. अर्थ अनेक असू शकतात, पण चुकीचे अर्थही असतात.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. आठ ओळींची कविता. टेकड्या, गाव, शेतं, पायवाट, डोह आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. कुणाला त्यात जगापासून अलिप्त झालेला संन्यासी दिसतो, कुणाला खिन्न एकटेपण, कुणी म्हणतं हे निखळ निसर्गचित्र आहे, उगाच खोल जाऊ नका. समीक्षकांनी आठ ओळींवर पानंच्या पानं लिहिली, तरी वाद मिटला नाही. पण कुणी म्हणालं, ‘ही कविता गावातल्या लगबगीचा उत्सव आहे,’ तर आपण विचारू: कुठल्या ओळीत? तिथे त्याला बोट ठेवता येणार नाही.

माझ्या गटात म्हणून एकच नियम आहे. अर्थ कोणताही सांगा, बोट ओळीवर ठेवून सांगा. या नियमाने निम्मे वाद आपोआप मिटतात आणि उरलेले वाद ऐकण्यासारखे असतात.

५. ‘जे लिहिलेलं नाही ते वाचा’ असं सांगतात. जे नाहीच ते वाचायचं कसं?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात, म्हणजे अकराव्या शतकात, एक इटुकलं उदाहरण आहे: सूर्य मावळला. बस्स, एवढंच वाक्य. गुराख्याने ऐकलं तर अर्थ होतो, गुरं परत फिरवा. प्रियकराकडे निघणारीने ऐकलं तर, वेळ झाली. दिवसभर राबणाऱ्याने ऐकलं तर, काम थांबवा. वाक्यात गुरं नाहीत, प्रियकर नाही, काम नाही. शब्दांचा सरळ अर्थ एकच, सगळ्यांना सारखा. पण त्यातून जे सुचतं ते कोण कुणाला कधी म्हणतंय यावर ठरतं. नवव्या शतकात आनंदवर्धनाने या सुचण्याला ‘ध्वनी’ म्हटलं आणि तोच काव्याचा आत्मा मानला.

आता आजच्या गद्यात बघा. एका खर्ड्यात असं होतं: ‘पत्नीच्या निधनानंतर त्यांना फार एकटं वाटत होतं. संध्याकाळी गॅलरीत बसलं की तिची आठवण येऊन त्यांचं मन भरून यायचं.’ व्याकरण चोख, भावना खऱ्या, आणि वाचणारा हलत नाही. लिहिणाऱ्या बाईंना मी विचारलं, गॅलरीत गेल्यावर ते करायचे काय? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘सवयीने दोन खुर्च्या मांडायचे.’ पुढच्या खर्ड्यात ओळ आली: ‘त्यांनी गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या. मग एक घडी करून आत नेऊन ठेवली.’

निधन, एकटेपण, आठवण यांतला एकही शब्द उरला नाही. ते सगळं वाचणाऱ्याने आपल्या पदरचं घातलं, आणि स्वतः घातलेलं असल्यामुळे त्याला ते लागलं. न लिहिलेलं वाचायचं म्हणजे मांडलेल्या वस्तूंवरून न मांडलेल्या गोष्टीकडे जायचं. खुर्चीच काढून टाकली तर उरते ती नुसती पोकळी. काही जण त्यालाच सूचकता समजतात.

६. गोष्टीतला ‘मी’ म्हणजे लेखकच ना?

धरून चालू नका. ‘मी’ हा निवेदक असतो, लेखकाने घडवलेला. कधी तो लेखकाच्या अगदी जवळचा असतो, कधी लेखक त्याच्या पाठीमागे उभा राहून वाचकाला डोळा मारत असतो. १७२९ साली जोनाथन स्विफ्टने एक पत्रक काढलं. त्यातला ‘मी’ गंभीर चेहऱ्याने, हिशेब मांडून सुचवतो की आयर्लंडमधल्या गरिबांनी आपली मुलं श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत. गरिबीकडे निर्विकारपणे आकडे म्हणून बघणाऱ्यांवर ती जळजळीत टीका होती. ‘मी’ आणि स्विफ्ट एकच मानले तर सगळं उलटं होतं.

आत्मचरित्राचा करार वेगळा. तिथे ‘मी’ आणि मुखपृष्ठावरचं नाव एकच आहे असं वचन असतं, आणि ते मोडलं की वाचकाला राग येतो. तो राग रास्त आहे.

७. लेखकाचं चरित्र आधी वाचावं की पुस्तक?

पुस्तक. नावाचं दडपण किती असतं याचा दाखला आय. ए. रिचर्ड्स यांनी देऊन ठेवला आहे. केंब्रिजमध्ये ते विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता देत आणि त्यांचे अभिप्राय लिहून घेत; १९२९ साली त्याचं पुस्तक झालं. नाव झाकल्यावर हुशार मुलांनी भल्याभल्या कवींना नापास केलं आणि सुमार कवितांना डोक्यावर घेतलं. यातून दोन धडे निघतात. एरवी आपण नावालाच दाद देत असतो, हा एक. आणि नुसतं नाव झाकल्याने वाचता येऊ लागत नाही, हा दुसरा.

चरित्र नंतर जरूर वाचा. काळ, भाषा, तेव्हाचे संकेत ठाऊक असले की प्रश्न ४ मधलं बोट योग्य ओळीवर पडतं.

८. नावाजलेलं पुस्तक मला कळलंच नाही. दोष माझा की लेखकाचा?

कधी तुमचा, कधी लेखकाचा, आणि पुष्कळदा फक्त वेळ चुकलेली असते.

आपल्या काव्यशास्त्रात चांगल्या वाचकाला ‘सहृदय’ म्हणतात. अभिनवगुप्ताने त्याची खूण सांगितली आहे: काव्य सतत वाचण्याच्या सवयीने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे, आणि म्हणून जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो. सहृदय म्हणजे नुसता हळवा माणूस नव्हे, हे यात मला महत्त्वाचं वाटतं. आरसा घासावा लागतो. वाचन हे कौशल्य आहे आणि ते वाचूनच येतं.

पण म्हणून लेखक सुटत नाही. व्यवहारात मी असं करतो. तीस-चाळीस पानं धीर धरतो. कुठेतरी एखादा परिच्छेद लख्ख लागला, की समजतो या माणसाला सांगता येतं, तेव्हा बाकीचं अवघड आहे त्याला काही कारण असणार. तसा एकही परिच्छेद आला नाही तर पुस्तक बिनदिक्कत मिटतो. काही पुस्तकं दहा वर्षांनी पुन्हा उघडली आणि आपसूक कळली. मधल्या काळात पुस्तकात एक अक्षर बदललं नव्हतं.

९. लिहिताना डोळ्यांसमोर वाचक ठेवावा का?

ठेवावा, पण गर्दी नको. ‘सर्वसामान्य वाचक’ नावाचा प्राणी मी अजून पाहिलेला नाही.

माझ्या सुरुवातीच्या एका कथेच्या खर्ड्यावर एका ज्येष्ठ संपादकांनी सात ठिकाणी समासात पेन्सिलने एकच शब्द लिहिला होता: ‘कळलं.’ मी खूश झालो. आठवडाभराने ध्यानात आलं की ती दाद नव्हती. त्या सातही ठिकाणी मी कळलेली गोष्ट पुन्हा समजावून सांगितली होती. माझ्या डोळ्यांसमोरचा वाचक मंद होता, आणि खरा वाचक तिथे अपमानित होत होता. तेव्हापासून मी एकाच माणसाला धरून लिहितो. माझ्याइतकीच बुद्धी असलेला, फक्त माझ्या डोक्यात काय आहे हे ठाऊक नसलेला.

आजच्यांपैकी कुणीच भेटत नसेल तर भवभूतीचा मार्ग आहे. आठव्या शतकात ‘मालतीमाधव’ नाटकाच्या सुरुवातीलाच त्याने सांगून टाकलं की माझ्यासारख्याच वृत्तीचा कुणीतरी पुढे जन्माला येईल, कारण काळ अमर्याद आहे आणि पृथ्वी विशाल. समकालीनांना मारलेला टोमणा आहे तो, पण आपण तो बाराशे वर्षांनी वाचतो आहोत म्हटल्यावर त्याचा हिशेब बरोबर ठरला.

१०. मी फक्त स्वतःसाठी लिहितो. मग वाचक आलाच कुठे?

उद्या ते वाचणारे तुम्ही आजचे नसता. एवढ्याने दोन माणसं झाली.

बाकी सीमारेषा पुसट आहे. अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सन यांनी सुमारे अठराशे कविता लिहिल्या आणि हयातीत जेमतेम दहा छापल्या गेल्या. १८८६ मध्ये त्या गेल्यावर बाकीच्या सापडल्या. ‘स्वतःसाठी’ लिहिलेल्या म्हणाव्यात, तर त्यांतल्या शेकडो त्यांनी स्वच्छ उतरवून काढून दोऱ्याने शिवलेल्या छोट्या वह्यांत जपल्या होत्या. ॲन फ्रँकचं उदाहरण आणखी नेमकं आहे. नाझींपासून लपून राहिलेल्या या ज्यू मुलीची रोजनिशी खासगी होती. मार्च १९४४ मध्ये लपलेल्या जागी रेडिओवर तिने ऐकलं की युद्धानंतर लोकांच्या रोजनिश्या आणि पत्रं गोळा केली जाणार आहेत. त्यानंतर काही आठवड्यांत तिने आपलीच रोजनिशी नव्याने लिहायला घेतली. काही गाळलं, काही वाढवलं. वाचक असणार, एवढं कळल्याबरोबर तीच मुलगी, तेच दिवस, पण मजकूर बदलला.

११. लेखकाने ‘जाळून टाका’ सांगितलं असेल तर वाचावं का?

फ्रान्झ काफ्का १९२४ मध्ये गेला. अप्रकाशित कागद न वाचता जाळावेत असं त्याने मित्राला, मॅक्स ब्रोडला, लिहून ठेवलं होतं. ब्रोडने जाळले नाहीत. पुढच्याच वर्षी ‘द ट्रायल’ ही कादंबरी छापली. मी ती वाचली आहे, तेव्हा सोवळेपणा मिरवण्याचा मला हक्क नाही. पण हा संवाद एका बाजूच्या संमतीवाचून झालेला आहे, हे ती वाचताना मी विसरत नाही.

१२. वाचकांना शेवट आवडला नाही तर लेखकाने बदलावा का?

सरसकट उत्तर नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारलं, कारण ते त्याला कंटाळले होते. वाचक कंटाळले नव्हते. १९०३ मध्ये होम्स परत आला, तोही ‘मी मेलोच नव्हतो’ म्हणत. डिकन्सने ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा मूळ उदास शेवट एका लेखकमित्राच्या सल्ल्यावरून छापण्याआधी बदलला. कोणता शेवट चांगला यावर अजून वाद होतो.

माझा ठोकताळा असा: वाचक म्हणतो ‘इथे काहीतरी बिघडलंय’, तेव्हा तो बहुधा बरोबर असतो. ‘असं करा म्हणजे सुधारेल’ म्हणतो, तेव्हा बहुधा चूक.

१३. अनुवाद वाचतो तेव्हा मी कुणाशी बोलत असतो?

दोघांशी, आणि त्यातला एक स्वतःला अदृश्य ठेवायची धडपड करत असतो. इंग्रजी कादंबरीत दोन माणसं तीनशे पानं एकमेकांना एकाच सर्वनामाने हाक मारतात. मराठीत आणताना अनुवादकाला ठरवावं लागतं, ‘तू’ की ‘तुम्ही’? आणि ‘तुम्ही’ने सुरू केलं तर ‘तू’वर कोणत्या वाक्याला यायचं? भांडणात? पहिल्या स्पर्शानंतर? मूळ लेखकाने हा निर्णय कधी घेतलाच नव्हता. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचंही तसंच. समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे मराठीत लपवता येत नाही. म्हणून अनुवादकाचं नाव वाचून मगच पहिलं पान उघडावं.

१४. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने लिहिलेलं आपल्याला खरंच कळतं, की कळल्यासारखं वाटतं?

थोडं हे, थोडं ते. ‘गाहा सत्तसई’ हा महाराष्ट्री प्राकृतातला सुमारे सातशे गाथांचा संग्रह, परंपरेने सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला. प्रत्येक गाथा दोन ओळींची. बहुतेक वेळा कोण बोलतंय, कुणाला, हे सांगितलेलंच नसतं. मग टीकाकारांनी ती जागा भरली: हे सखी नायिकेला म्हणते, हे दूती नायकाला सांगते. आणि त्यांचं नेहमीच एकमत नाही. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीचा वाचकही आपल्यासारखाच चाचपडत होता.

शब्दांपाशी मात्र सावध राहावं. ओळखीचा दिसणारा जुना शब्द फसवतो. प्रश्न १ मधला ‘लेखकु’ आठवा. अनोळखी शब्दासाठी आपण निदान कोश तरी उघडतो.

१५. ऑडिओबुक ऐकलं तर ‘वाचलं’ म्हणता येईल?

खुशाल म्हणा. वाचन आणि आवाज यांचं नातं जुनं आहे. चौथ्या शतकात बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचत असत, हे ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने मुद्दाम नोंदवून ठेवण्याजोगं मानलं. आपल्याला जे स्वाभाविक वाटतं ते त्यांना लक्षात राहण्यासारखं होतं. फरक पडतो तो एवढाच की वाचणाऱ्याचा आवाज काही निर्णय तुमच्या वतीने घेऊन टाकतो. उपरोध कुठे, थांबायचं कुठे. प्रश्न ५ मधलं काम थोडं कमी होतं. कवितेला मी दोन्ही करतो.

१६. यंत्राने लिहिलेली कविता आवडली. मग संवाद कुणाशी झाला?

नॅप आणि मायकल्स या दोन समीक्षकांनी १९८२ साली एक कल्पना लढवली होती. तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर चालता आहात, वाळूत कवितेचं एक कडवं उमटलेलं दिसतं. तेवढ्यात लाट येते, ओसरते, आणि खाली दुसरं कडवं. आता काय म्हणाल? त्यांचं म्हणणं असं, की लाटांनी हे चुकून केलं असेल तर ते शब्दच नव्हेत, शब्दांसारखे दिसणारे ओरखडे आहेत.

यंत्राची गोष्ट तेवढी कोरी नाही. त्याने शिकलेली भाषा माणसांनीच लिहिलेली, तेव्हा पलीकडे कुणीच नाही असं म्हणवत नाही. पण तिथे कुणी एक माणूसही नाही. तुमच्या वाट्याचं काम मात्र तुम्ही केलंत. प्रश्न ५ मधल्यासारखं खुर्चीवरून एकटेपणाकडे तुम्हीच गेलात, आणि ते खोटं नव्हतं. कविता आवडली याची लाज वाटायला नको. फक्त खाली खोटं नाव घातलं असेल तर ती फसवणूक आहे, आणि प्रश्न ६ मधला वाचकाचा राग इथेही लागू.

१७. पुस्तक आवडलं तर लेखकाला कळवावं का? काय लिहू?

कळवा. ‘अप्रतिम’, ‘भावलं’, ‘शब्द अपुरे’ हे गाळा. ते कुठल्याही पुस्तकाला चालतं. पान क्रमांक लिहा आणि त्या पानाशी थांबून तुम्ही काय केलंत ते लिहा. मला आलेल्या एका पत्रात दोनच ओळी होत्या: ‘पान ६१ वर मी पुस्तक उलटं ठेवलं आणि बहिणीला फोन केला. चार वर्षांनी.’ मी ते पान काढून पाहिलं. त्यावर बहिणीचा उल्लेखसुद्धा नाही.